हेडफोन बदलायचाय? आधी तक्रार लिहून काढा

नवा हेडफोन घ्यायचा ठरला की बहुतेक जण एकाच प्रश्नाने सुरुवात करतात: माझ्या बजेटमध्ये सगळ्यात चांगला कोणता? या प्रश्नाला उत्तरं ढीगभर मिळतात. अडचण एवढीच की ती उत्तरं देणाऱ्याच्या कानांची, त्याच्या गाण्यांची आणि त्याच्या खोलीतल्या शांततेची असतात. पैसे मोजकेच असतील तर प्रश्न उलटा करून विचारावा. आत्ता जो हेडफोन आहे, त्याचं नेमकं काय खुपतं?

मला हे उशिरा कळलं. माझा पहिला 'चांगला' हेडफोन २५० ओहमचा, म्हणजे विजेला बराच अडथळा करणारा होता. जो तो त्याची वाहवा करत होता, म्हणून घेतला. फोनला लावला, आवाज पूर्ण वाढवला, तरी गाणं शेजारच्या खोलीत चालू असल्यासारखं. मग त्याला चालवायला अँप, म्हणजे सिग्नलला जोर देणारी डबी घेतली. तो फोनला जोडायला आणखी एक डबी. मला खरं तर बसमध्ये गाणी ऐकायची होती आणि टेबलावर हा सगळा संसार मांडला गेला होता. शिवाय तो हेडफोन ओपन बॅक, म्हणजे बाहेरून जाळीचा, त्यामुळे बसमध्ये नेला असता तरी इंजिनच जास्त ऐकू आलं असतं. हेडफोनचा काही दोष नव्हता. मी स्वतःला एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

'आवाज चांगला नाही' एवढ्याने भागणार नाही. वाक्य असं हवं: 'गायकाचा आवाज वाद्यांमागे दबतो.' किंवा 'स आणि श कानात टोचतात.' 'तासाभराने कानाच्या पाळ्या दुखतात.' 'प्रवासात काही ऐकूच येत नाही, म्हणून आवाज वाढवत जातो.' 'कॉलवर समोरचा म्हणतो, तू विहिरीतून बोलतोयस का?'

ही पाचही वाक्यं वेगवेगळ्या खरेदीकडे नेतात. पहिली दोन ट्यूनिंगची, म्हणजे खर्जापासून तीव्र स्वरांपर्यंत कशावर किती भर दिलाय याची. तिसरं वजन, पकड आणि गादीचं. चौथ्याला बाहेरचा आवाज अडवणारं काहीतरी हवं. तिथे ट्यूनिंग कितीही सुरेख असलं तरी उपयोग नाही. पाचवं तर मायक्रोफोनचं, आणि संगीतासाठी नावाजलेले कित्येक हेडफोन माइकशिवायच येतात.

वाक्य सुचतच नसेल तर बहुधा तुमचा हेडफोन ठीक आहे आणि तुम्हाला फक्त काहीतरी नवं घ्यायचंय. त्यातही काही गैर नाही, मात्र त्याला अपग्रेड म्हणू नका.

पायरी २: फुकटातले उपाय आधी

ही पायरी गाळू नका. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

कानात घालायचे इअरफोन असतील तर रबरी टिपपासून सुरुवात करा. कानाची पोकळी नीट बंद झाली नाही तर बेस अक्षरशः गळून जातो, उरतो तो पत्र्यासारखा आवाज. गाणं चालू ठेवून इअरफोन बोटाने किंचित आत दाबा. बेस एकदम भरून आला तर टिप लहान पडतेय किंवा नीट बसलेली नाही. डब्यात तीन मापांच्या टिप्स येतात, पण बरेच जण लावून आलेली मधली टिप कधी काढतच नाहीत. दोन कानांना दोन वेगळी मापं लागणंही अगदी नेहमीचं आहे. रबर जमतच नसेल तर फोमच्या टिप्स मिळतात. त्या चिमटीत दाबून कानात घालायच्या, आत फुगून बसतात.

कानावरून बसणाऱ्या हेडफोनमध्ये हेच काम गादी करते. गादी चपटी झाली, तिचं आवरण सोलून निघालं किंवा चष्म्याच्या काडीने फट पाडली की बेस तिथून निसटतो. पुष्कळ मॉडेल्सना नवी गादी मिळते आणि दहा मिनिटांत बसते. मात्र गादी बदलली की आवाजही थोडा बदलतो, म्हणून शक्यतो मूळ कंपनीचीच घ्या. मखमली गादीच्या जागी चामड्यासारखी लावलीत तर तो जवळजवळ वेगळाच हेडफोन होतो.

एका बाजूने आवाज कमी येतोय? ड्रायव्हर (आत आवाज काढणारा भाग) गेला असं ठरवण्याआधी जाळीकडे बघा. तिथे बऱ्याचदा मळ बसलेला असतो. जाळी खालच्या बाजूला धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा, म्हणजे मळ आत जाण्याऐवजी खाली पडेल. पाणी किंवा टोकदार काडी वापरू नका.

ब्लूटूथवाल्यांची एक खास तक्रार असते: 'कॉम्प्युटरला जोडला की गाणी जुन्या टेलिफोनसारखी वाजतात.' कारण असं की हेडफोनचाच माइक चालू झाला की ब्लूटूथ बहुतेक वेळा गाण्याचा मोड सोडून कॉलच्या मोडमध्ये जातं. तिथे आवाज एकेरी होतो आणि त्याला वाटही अरुंद मिळते. सेटिंगमध्ये माइक म्हणून कॉम्प्युटरचा स्वतःचा माइक निवडा, गाणी जागेवर येतात. एवढ्या कारणासाठी हेडफोन बदलणारे लोक मी पाहिलेत.

राहिला इक्वलायझर, म्हणजे खर्ज ते तीव्र यांतला हवा तो पट्टा कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ' फुकट मिळतो, फोनसाठीही बरीच ॲप्स आहेत. 'ऑटोईक्यू' नावाच्या मुक्त प्रकल्पात हजारो हेडफोन मॉडेल्सची तयार सेटिंग्ज दिलेली आहेत. आपलं मॉडेल शोधायचं आणि आकडे भरायचे. सोबत दिलेला प्रीअँपचा (एकूण आवाज आधी खाली आणणारा) उणे आकडाही भरा, नाहीतर वाढवलेल्या जागी आवाज फाटतो. हाताने करायचं असेल तर आधी खुपणारा भाग कमी करून बघा, हवा तो भाग वाढवण्याची घाई नको. स, श टोचत असतील तर ५ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात २-३ डेसिबल उतरवा. गाणं घुमत असेल तर २०० हर्ट्‌झच्या आसपास. दुखणारा कान, बाहेरचा गोंगाट आणि ढिली पकड यांवर मात्र इक्वलायझरचा इलाज चालत नाही.

एवढं करूनही तक्रार कागदावर तशीच उरली असेल तर पाकीट काढा.

पायरी ३: ब्रँड राहू द्या, प्रकार ठरवा

कुठे ऐकणार, यावर बाकी सगळं ठरतं.

शांत खोलीत, एकट्याने ऐकत असाल तर ओपन बॅक हेडफोनचा विचार करा. त्याची बाहेरची बाजू बंद नसते, जाळीची असते, त्यामुळे आवाज कपात कोंडत नाही आणि गाणं डोक्याबाहेर पसरल्यासारखं वाटतं. सेनहायझरने १९६८ साली आणलेला एचडी ४१४ हा या जातीचा मूळपुरुष. त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० आजही इतरांना मोजायची पट्टी म्हणून वापरला जातो. तोटा उघड आहे: बाहेरचं सगळं आत येतं आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातं. खोलीत दुसरं कोणी झोपत असेल तर हा प्रकार विसरा.

क्लोज्ड बॅक म्हणजे मधला मार्ग. आवाज बऱ्यापैकी आत राहतो, बेस सहसा भरीव असतो, उन्हाळ्यात कान घामेजतात. सोनीचा एमडीआर-७५०६ हा स्टुडिओतला हेडफोन १९९१ पासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातोय.

कानात घालायच्या वायरवाल्या इअरफोनांबद्दल मात्र मी सरळ बाजू घेऊन बोलणार. पैसे खरोखरच कमी असतील आणि हवा असेल तो निव्वळ आवाज, तर आज इथेच सगळ्यात जास्त पदरात पडतं. मूनड्रॉपसारख्या चिनी कंपन्यांच्या चढाओढीमुळे गेल्या काही वर्षांत या गटाचा स्वस्त टप्पाच वर सरकलाय. बाहेरचा आवाजही टिपमुळे आपोआप अडतो. ज्यांना कानात काही घातलेलं सहनच होत नाही, त्यांच्यासाठी कॉसचा पोर्टा प्रोसारखा हलका, कानावर नुसता टेकणारा हेडफोन आहे. तो १९८४ चा आहे आणि अजून बाजारात आहे.

ही जुनी सालं मुद्दाम सांगतोय. फोन चार वर्षांत म्हातारा होतो, वायरवाला हेडफोन होत नाही. चुंबक, तारेची गुंडाळी आणि थरथरणारा पडदा, एवढ्यावरच बहुतेक हेडफोन आजही चालतात. म्हणून मागच्या पिढीचं मॉडेल घ्यायला बिचकू नका. वायरलेसचं गणित वेगळं आहे. त्यात बॅटरी असते, ती झिजते, आणि छोट्या इअरबड्समध्ये ती बदलणं बहुधा अशक्यच असतं. वायरलेस घेताना मोजलेल्या पैशांतले काही बॅटरीला जातात, काही चिपला, काही माइकला. उरलेल्यात आवाज. सोय हवी असेल तर तो सौदा रास्तच आहे, पण सोय विकत घेतोय हे माहीत असावं.

नॉइज कॅन्सलिंगविषयी, म्हणजे बाहेरचा आवाज माइकने टिपून उलट्या लहरीने खोडायच्या तंत्राविषयी थोडक्यात. विमान, इंजिन, पंखा, असा सलग आणि खालच्या पट्टीतला आवाज ते छान पुसतं. शेजाऱ्यांच्या गप्पा आणि रडणारं मूल त्याला तितकंसं जमत नाही, ते काम टिप किंवा गादीनेच करायचं असतं. तुमची तक्रार 'गोंगाटामुळे आवाज वाढवतो' अशी असेल तर मात्र इथे पैसे घालायला हात आखडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळी आठवड्याला ४० तास सुरक्षित धरली जाते. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०. बंदिस्त हेडफोनमुळे आवाज दोन काड्या खाली आला तर ती कमाई कुठल्याही ट्यूनिंगपेक्षा मोठी आहे.

एसबीसी की एलडीएसी, या वादात नवख्याने पडू नये. हे कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायच्या पद्धती. एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातं हे खरं, पण फोन आणि हेडफोन दोघांनाही ते यावं लागतं. आयफोनला येत नाही, तिथे एएसी हा वेगळा कोडेक चालतो. ट्यूनिंगमधला फरक कोणालाही ऐकू येतो, कोडेकमधला शोधावा लागतो.

पायरी ४: डब्यावरचे आकडे

बहुतेक आकडे सोडून द्या. '१० हर्ट्‌झ ते ४० किलोहर्ट्‌झ' यातून काहीच कळत नाही. माणसाचा कान ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकतो आणि वरची मर्यादा वयाबरोबर खाली येत जाते. त्या पट्ट्यात कुठे किती चढ-उतार आहे, ते डबा सांगत नाही. ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरूनही आवाजाचा दर्जा ठरत नाही.

दोन आकडे मात्र एकत्र वाचायचे: इम्पीडन्स, म्हणजे ओहम, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती विजेला किती आवाज. माझ्या २५० ओहमच्या फजितीचं गणितच मांडतो. समजा दोन हेडफोन आहेत, दोघांची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॉटला १०० डेसिबल. एक ३२ ओहमचा, दुसरा २५० चा. दोघांना १ व्होल्ट दिला तर पहिला सुमारे ३१ मिलिवॉट घेतो आणि ११५ डेसिबलपर्यंत जातो. दुसरा ४ मिलिवॉटच घेतो आणि १०६ वर थांबतो. कानाला हा फरक जवळजवळ निम्म्या आवाजाइतका वाटतो. फोनला आणि छोट्या डोंगलला (फोन आणि हेडफोन यांच्यामधल्या जोडाला) व्होल्ट वाढवायला मर्यादा असते, म्हणून जास्त ओहमचा हेडफोन तिथे दबतो.

एक खोच अशी की काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी मिलिवॉटला देतात, काही व्होल्टला. दोन मॉडेल्सची तुलना करताना एकक बघा, नाहीतर कमी आवाजाचा हेडफोन कागदावर जोरदार दिसतो. आणि प्लेनर जातीचे (गुंडाळीऐवजी सपाट पडद्यावरच तार पसरलेले) काही हेडफोन ओहम कमी असूनही फोनवर दमतात, कारण त्यांची सेन्सिटिव्हिटीच कमी असते.

फोनला थेट लावायचा असेल तर माझा ढोबळ नियम: ८० ओहमच्या आत आणि मिलिवॉटला १०० डेसिबल किंवा जास्त. फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा डोंगल लागेल. त्याच्यात डॅक (डिजिटल गाण्याचं हेडफोनला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चिप) आणि छोटा अँप दोन्ही असतात आणि अशा हेडफोनला तो पुरून उरतो. डोंगल घेताना आत डॅक आहे याची खात्री करा. नुसती तार असलेले जोड काही फोनवर चालतच नाहीत.

आणखी एक आकडा लोक वाचत नाहीत, तो म्हणजे वजन. ३०० ग्रॅमच्या पुढचा हेडफोन दुकानात जाणवत नाही, तिसऱ्या तासाला जाणवतो.

पायरी ५: पैशांची वाटणी

जवळजवळ सगळे हेडफोनवर. थोडे टिप्स किंवा गादीसाठी बाजूला. अँपसाठी शून्य, जोवर आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडत नाही तोवर. महागड्या केबलसाठीही शून्य. केबल सुटी होणारी असावी एवढं मात्र बघा, कारण वायरवाल्या हेडफोनमध्ये सगळ्यात आधी मरते ती केबलच, जॅकजवळ वाकून वाकून.

आणि टप्प्याटप्प्याने थोडं थोडं चांगलं घेत जाऊ नका. फोनसोबत आलेल्या इअरफोनवरून पहिल्या नीट निवडलेल्या हेडफोनवर येताना जी झेप असते, ती पुढे कधी मिळत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक छोट्या पायरीला पैसे जास्त आणि फरक कमी. तीन छोट्या खरेद्या गाळून एक मोठी करता येत असेल तर तोवर जुन्यावर काढा.

पायरी ६: आलेख आणि परीक्षणं

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख डावीकडे खर्ज, उजवीकडे तीव्र आणि उभ्या अक्षावर डेसिबल दाखवतो. नवख्याला वाटतं, रेघ सरळ हवी. तसं नाही. स्पीकरचा आवाज आपल्या कानाच्या पाळीतून आणि नळीतून जाताना ३ हजार हर्ट्‌झच्या आसपास वाढतो. हेडफोनलाही तिथे उंचवटा ठेवावा लागतो, नाहीतर आवाज मेलेला वाटतो. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन कंपनीत ऐकणाऱ्यांच्या पसंतीवरून जी लक्ष्यरेषा काढली, तिच्यातही हा उंचवटा आहे आणि खाली बेसची चढण आहे. बऱ्याच आलेखांवर ती तुटक रेघेने काढलेली असते.

तरी त्या रेषेपेक्षा उपयोगी एक युक्ती आहे: तुमच्या सध्याच्या हेडफोनचा आलेख शोधा आणि मनातल्या हेडफोनच्या आलेखावर ठेवून बघा. स टोचतात ही तक्रार असेल आणि नव्याची रेघ ५ ते ८ हजारांत तुमच्यापेक्षाही वर असेल, तर विषय संपला. दोन्ही आलेख एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर काढलेले हवेत. वेगळ्या यंत्रांचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. १० हजारांच्या वरच्या खाचाखोचांवर फार विसंबू नका, तिथे कानाचा आकार आणि हेडफोन कसा बसला यानेच रेघ हलते.

परीक्षक निवडायचीही तीच रीत. तुमच्याकडे आहे तोच हेडफोन ज्याने ऐकलाय असा परीक्षक शोधा. त्याचं वर्णन तुमच्या कानाला पटलं तर बाकीचं वाचा.

पायरी ७: ऐकून बघा, पण घाईने नको

तोंडपाठ असलेली चार-पाच गाणी घ्या. चकचकीत ध्वनिमुद्रणं नकोत, रोजची हवीत, त्यात एखादं जुनं, खरखरीत असू द्या. तबला असलेलं एक तरी ठेवा. डग्ग्याची घुमक आणि चाटीवरचा टणत्कार वेगवेगळे ऐकू आले तर खर्ज आणि तीव्र एकमेकांच्या अंगावर येत नाहीत एवढं कळतं. नुसतं बोलणंही ऐका. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय, त्यातली खोट कान लगेच पकडतो.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमी 'जास्त स्पष्ट' वाटतो, कितीही मुरलेला कान असला तरी. पहिल्या पाच मिनिटांत जास्त बेस आणि जास्त चमक जिंकते, आणि नेमकी तीच दोन तासांनी नकोशी होते. चष्मा असेल तर तो लावून निदान वीस मिनिटं बसा.

'शंभर तास वाजवा, मग आवाज खुलेल' असं कोणी सांगेल. खुलतो तो मुख्यतः आपला कान, आणि गादी थोडी बसते. म्हणून परत करायची मुदत असताना आठवडाभर नवाच वापरा आणि मग एक दिवस जुना परत लावा. नव्याची आठवण पहिल्या गाण्यातच झाली तर ठेवा. दिवस तसाच निघून गेला तर परत करा.

वापरलेला घेणार असाल तर

वायरवाला हेडफोन वापरलेला घेण्यात शहाणपण आहे, फक्त चार गोष्टी तपासा. एकेरी, म्हणजे मोनो आवाज लावून तो बरोबर मध्यभागी येतो का बघा. फोनवर टोन वाजवणारं ॲप घेऊन २० ते २०० हर्ट्‌झ हळूहळू वर न्या. कुठे फरफर किंवा खडखड ऐकू आली तर पडदा तरी दुखावलाय किंवा आत केस अडकलाय. जॅक लावून तो फिरवा, केबल हलवा, आवाज तुटता कामा नये. डोक्यावरच्या पट्टीच्या बिजागऱ्यांवर उजेड पाडून बारीक तडा शोधा, पट्टी बहुधा तिथूनच मोडते.

लोकप्रिय मॉडेल्सची नक्कल सर्रास होते, तेव्हा अनोळखी विक्रेत्याकडून फारच स्वस्त मिळत असेल तर नमुना खऱ्याशेजारी ठेवून बघितल्याशिवाय घेऊ नका. कानात घालायचा इअरफोन असेल तर टिप्स नव्या लावा. वायरलेस वापरलेला घेऊ नये असं माझं मत आहे. घेतलाच तर पूर्ण चार्ज करून, तुमच्या नेहमीच्या आवाजाला तो किती तास टिकतो ते घड्याळ लावून बघा, आणि आधीच्या मालकाच्या खात्यातून तो काढून टाकलाय ना, हे त्याच्यासमोरच तपासा.